ओवीच्या दहा दातांसाठी

पालम

मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. पालम-परभणी, पालम-लोहा, गंगाखेड, नांदेड, या रस्त्यांवरचे खड्डेसुद्धा मला ओळखीचे. पण कुठे उतरायचं हेच ठाऊक नसताना घराबाहेर पडायची वेळ माझ्यावर आली ती निवृत्तीनंतर, नातीच्या दातांसाठी.

ओवी सहा वर्षांची आहे. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मली आणि हृदयात भोकही घेऊन आली. वर्षाची असताना पुण्याला तिचं ऑपरेशन झालं. भोक बुजलं, पण एक झडप गळत राहिली. ती दुरुस्त करायला दुसरं ऑपरेशन करावं लागणार, हे तेव्हापासून माहीत होतं. माझा मुलगा संतोष पुण्याला कंपनीत आहे. ओवी आणि तिची आई रेखा पालमला आमच्याजवळ असतात. रेखा सकाळी अंगणवाडीत मदतनीस म्हणून जाते. तेवढा वेळ ओवी माझ्या ताब्यात. तिला चारच शब्द येतात: आबा, माय, नको आणि गाडी.

गेल्या हिवाळ्यात तिनं भाकरी खायची सोडली. भात तेवढा गिळायची. अधूनमधून स्वतःच्याच गालावर चापट मारून घ्यायची. आम्हाला वाटलं, हट्ट आहे. मी तर एकदा तिचा हात धरून रागावलोही. मग तपासणीला पुण्याला नेलं, तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी छाती तपासून झाल्यावर सहज बॅटरी घेऊन तिच्या तोंडात पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले.

"हिचे दात पार किडलेत," ते म्हणाले. "आतला पू रक्तात गेला तर जंतू थेट झडपेवर जाऊन बसतील. आधी हे तोंड साफ करून आणा. तोवर मी ऑपरेशनची तारीख देऊ शकत नाही."

सहा वर्षांची पोर गालावर मारून घेऊन आम्हाला सांगत होती, दुखतंय म्हणून. आणि मी तिचा हात धरून ठेवला होता.

पुण्यातला दातांचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून गावाकडेच बघायचं ठरवलं. पालमच्या स्टँडजवळ दातांचा एक दवाखाना आहे. तिथले डॉक्टर माझ्याच गाडीने शिकायला जायचे. त्यांनी ओवीची फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि अलगद मिटली.

"काका, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? हिला माझ्या खुर्चीत काही झालं तर मला सांभाळता यायचं न्हाई. परभणीला न्या."

मला राग आला होता. आता वाटतं, त्या सगळ्या खटाटोपात पहिलं खरं बोलणं त्यांचंच होतं.

परभणी, पहिली खेप

सोमवारी सकाळच्या गाडीने निघालो. मी, रेखा आणि ओवी. घरी म्हैस व्यायला झालेली, म्हणून आमची मंडळी मागे राहिली. संतोषने आपली रजा हृदयाच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवली होती. ताडकळसला बाजाराची गर्दी गाडीत शिरली, आणि एका बाईच्या पाटीतली मेथी ओवीच्या मांडीवर सांडली. तिनं एकेक जुडी उचलून त्या बाईला परत दिली. बाई म्हणाली, "लय शहाणी हाय की ओ पोरगी!" रेखा खिडकीकडे तोंड करून हसली. ओवीला शहाणी म्हणणारं माणूस रोज भेटत नाही.

परभणीतल्या पहिल्या दवाखान्यात आम्ही आत जाईपर्यंत तास गेला आणि बाहेर यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. हृदयाचं नाव ऐकताच डॉक्टरांनी मान हलवली. "मोठ्या ठिकाणी न्या," म्हणाले. मोठं ठिकाण कुठलं, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दवाखान्यात पाट्या चकचकीत होत्या, आत गारवा होता. तिथले डॉक्टर आनंदाने तयार झाले. फाईल त्यांनी चाळली नाही. "दुधाचेच दात आहेत. दोन मिनिटांत काढून टाकू. जरा धरावं लागेल, एवढंच."

त्यांनी दोन माणसांना हाक मारली. एकाने ओवीचे पाय धरले, दुसरीने डोकं. हात मी धरायचे होते. ओवी आधी हसली, तिला तो खेळ वाटला. मग दिवा तोंडावर आला, लोखंडी वस्तू ओठाला लागली, आणि ती ओरडली, "नको! आबा, नको!" तिचे ओठ निळसर व्हायला लागले. मी तिचे हात धरूनच होतो. डॉक्टर सांगताहेत म्हणजे बरोबरच असेल, या जन्मभराच्या सवयीने धरून होतो.

"सोडा तिला," रेखा म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. तेव्हाही चढला नाही. पण पाय धरणाऱ्या माणसाने पाय सोडले.

"अहो ताई, असंच करतात लहान पोरांचं."

"करत असतील. मी माझ्या लेकराचं न्हाई करू देणार." तिनं ओवीला उचलून खांद्यावर घेतलं आणि चप्पल पायात न घालता, हातात घेऊन बाहेर पडली.

रस्त्यापलीकडे रसवंती होती, तिथे बसलो. ओवी हुंदके देत होती, तिची पाठ घामाने भिजली होती. मी म्हणालो, "रेखा, चुकलं माझं. मी धरायला नको होतं."

तिनं पदराने ओवीची पाठ पुसली. मग एवढंच म्हणाली, "मामा, आता कुठं जायचं?"

उत्तर मिळालं ते परतीच्या गाडीत. त्या गाडीवर विश्वनाथ कंडक्टर होता, माझ्या हाताखाली तयार झालेला. आमची तोंडं बघून तो तिकीट फाडायचं सोडून शेजारी टेकला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "पेडगावला कौसाबाई म्हणून हायेत. मेंढरंवाल्या. त्यांच्या पोरीला फिट येतात, पाय चालत न्हाईत. तिचे समदे दात भूल देऊन नीट केले म्हणं. त्यांनाच जाऊन इचारा ना. डॉक्टरला इचारून काय करायलाव?"

पेडगाव

त्याच आठवड्यात परभणीहून पाथरीकडे जाणाऱ्या गाडीने पेडगावला उतरलो, गाडी पुढे गेली, आणि मला आठवलं की फाईल सीटवरच राहिली. पुण्याचे सगळे कागद, जुन्या ऑपरेशनची नोंद, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं त्यात. आयुष्यभर लोकांच्या विसरलेल्या पिशव्या मी डेपोत जमा केल्या, आणि आता रस्त्यात उभा राहून गेलेल्या गाडीकडे बघत होतो. पाथरीला एका जुन्या सोबत्याला फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, "बसा निवांत. हीच गाडी माघारी येईल, तिच्यात पाठवतो."

म्हणून कौसाबाईंकडे पाच मिनिटांऐवजी आम्ही तीन तास बसलो. फाईल विसरलो नसतो तर पत्ता घेऊन निघालो असतो.

घर गावाच्या टोकाला. दारात काट्यांचं कुंपण, आत कोकरं बांधलेली. मोठा कळप घेऊन घरधनी गोदावरीच्या बाजूला गेलेला. कौसाबाई चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. आम्ही कोण, कशाला आलो, हे विचारायच्या आधीच त्यांनी पाण्याचा तांब्या दिला आणि चूल पेटवली. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारपूस आणि मग चहा. इथे उलटं होतं, आणि मला तेच बरं वाटलं. चहा शेळीच्या दुधाचा होता. मला त्याचा वास जरा जडच गेला. ओवीने मात्र कोमट करून दिलेला पूर्ण वाटीभर प्यायला.

भिंतीला टेकून, गोधडीवर त्यांची मुलगी बसली होती. लक्ष्मी, नऊ वर्षांची. मान एका बाजूला कललेली, बोटं आखडलेली. ओवी सरळ जाऊन तिच्यासमोर बसली. लक्ष्मी हसली, आणि तिच्या तोंडात मागच्या बाजूला चांदीसारखं काहीतरी चमकलं. ओवीने बोट दाखवून "गाडी!" म्हटलं. तिला जे जे चकाकतं ते सगळं गाडीच.

"टोप्या हायेत त्या," कौसाबाई म्हणाल्या. "इस्टीलच्या. किडलेला दात साफ केला अन् वरून टोपी घातली. चार काढले, बाकीचे वाचवले. समदं एकाच दिवशी. लक्ष्मी झोपलेली. तिला काय पत्ताच न्हाई."

"कुणी केलं?" रेखाने विचारलं.

"केलं संभाजीनगरला. पण वाट दाखवली परभणीच्या शाहीन मॅडमनी. आमी आधी पाच दवाखाने फिरलो. एकजण म्हणला, अशा पोरीला दात कशाला पायजेत? तिला कुठं मिरवायचंय?" कौसाबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "मी म्हणलं, खायला पायजेत. तुमच्यासारखंच."

भाकरी, वाटलेली मिरची आणि ताक असं जेवण झालं. ओवीसाठी त्यांनी भाकरी ताकात कुस्करली. लक्ष्मीला भरवताना त्या घास तिच्या दाढेखाली ठेवायच्या आणि तिचं चावून होईपर्यंत थांबायच्या. घाई नव्हती. रेखा ते टक लावून बघत होती.

"भूल द्यायची म्हणल्यावर भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की, दादा. हिला आत नेलं अन् मला एका जागी बसवेना. मग मी पिशवीतून लोकर काढली अन् तिथंच धागा कातत बसले. तिथली एक नर्स म्हणली, बाई, हे काय करायलाव? मी म्हणलं, हाताला काम न्हाई दिलं तर मी दार फोडीन."

निघताना त्यांनी रेखाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय, ते मी विचारलं नाही. फाईल आली होती. ड्रायव्हरने ती खिडकीतून दिली आणि म्हणाला, "मास्तर, सामान आपापलं सांभाळा." हे वाक्य मीच हजारो वेळा म्हटलेलं. मी मुकाट्याने फाईल काखेत घातली.

परभणी, दुसरी खेप

शाहीन मॅडमचा दवाखाना लहान होता. एक खुर्ची, एक बाक, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. मॅडम तिशीच्या आतल्या. मी फाईल पुढे केली तर म्हणाल्या, "तिथं ठेवा काका. आधी हिला भेटू द्या." आणि खाली फरशीवर बसल्या. "मुँह दिखाती क्या बेटा? थांब, आधी माझं बघ." त्यांनी स्वतःचं तोंड उघडून छोटा आरसा ओवीच्या हातात दिला. ओवीने त्यांच्या तोंडात आरसा घातला, नाकाला लावला, माझ्या कानाला लावला. पंधरा मिनिटं तेच चाललं. मग मॅडमनी मला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघे लावले, आणि ओवीला माझ्याकडे तोंड करून मांडीवर घेऊन हळूच मागे झुकवायला सांगितलं. तिचं डोकं मॅडमच्या मांडीवर आलं. माझे हात तिच्या हातात होते, पण या खेपेला तिनं माझे धरले होते.

मॅडम मोठ्याने दात मोजत गेल्या. ओवी 'आ' करून ऐकत राहिली.

"दहा दात खराब आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "एकाखाली पू आहे. हे खुर्चीत करण्यासारखं काम नाही. पूर्ण भूल लागेल, आणि जिथं हृदयाचे डॉक्टर हजर असतील अशाच दवाखान्यात. धरून काढून देणारे भेटतील तुम्हाला. त्यांच्याकडं जाऊ नका."

"भेटले," रेखा म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग फाईल उघडली, एकेक कागद वाचला, आणि आमच्यासमोरच संभाजीनगरला आपल्या जुन्या सरांना फोन लावला. पुण्याच्या डॉक्टरांकडून काय लिहून आणायचं ते कागदावर लिहिलं. मानेचा एक्स-रे काढायला सांगितला. अशा मुलांच्या मानेचा सांधा कधीकधी नाजूक असतो, भूल देताना मान मागे वळवतात, म्हणून. गेल्या सहा वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

"एक विचारते. एवढे दात किडायला कारण लागतं. गोड काय काय खाते?"

मी फरशीकडे पाहिलं. ओवीच्या हृदयाची गोळी कुटून पाण्यात कालवून द्यावी लागते. कडूजहर. ती थुंकायची, रडायची, ओठ गच्च मिटायची. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मी त्यात गुळाचा खडा विरघळवला. तिने चाटून घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी मी तेच करत आलो. वर एक खडा तिच्या गालातही ठेवायचो, शहाण्यासारखं औषध घेतलं म्हणून.

"काही नाही," रेखा म्हणाली. "औषध तेवढं देतो."

मॅडमनी मान डोलावली आणि तरीही सांगितलं, "औषधात साखर, गूळ, मध काही घालत असाल तर बंद करा. दिल्यावर ओल्या फडक्याने दात पुसा." त्या कुणा एकाकडे बघून बोलल्या नाहीत. मला मात्र वाटलं, माझ्याकडेच बघून बोलल्या.

संभाजीनगर

नंबर लागायला सव्वा महिना गेला. तोवर पुवावर औषध चालू होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दाखल झालो.

त्या दवाखान्याच्या गर्दीविषयी मी लिहीत नाही, ती सगळीकडे सारखीच असते. नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं. इथे ओवीकडे कुणी वळून बघत नव्हतं. आमच्याकडे बाजारात नेलं की लोक थांबतात, चुकचुकतात, कुणी आशीर्वाद देतं. इथे वॉर्डात प्रत्येक खाटेवर कुणाचं तरी काहीतरी होतंच. शेजारच्या खाटेवरच्या बाईने ओवीला नाव विचारलं, आणि तिने नुसतं "आबा" म्हटल्यावर दिवसभर तिला आबाच म्हणत राहिली.

भूल देणारे डॉक्टर वयस्क होते. एक्स-रे उजेडासमोर धरून त्यांनी दोनदा पाहिला, ओवीची मान स्वतःच्या हाताने हळू हळू वळवून बघितली, आणि रेखाला सगळं समजावलं: धोका किती, तयारी काय, काही झालं तर काय करणार. "शंभर टक्के मी कुणालाच सांगत नाही," ते म्हणाले. "पण मी पूर्ण वेळ हिच्या उशाशी असेन. उठणार नाही."

सही करताना रेखाने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली 'ओवीची आई' असंही.

सकाळपासून ओवी उपाशी. तिला ते कसं समजावणार? ती शेजारच्या खाटेवरच्या डब्याकडे बोट दाखवायची. ती बाई डबा उचलून बाहेर जाऊन जेवली. दहाच्या सुमारास ओवीला आत नेलं. रेखा दारापर्यंत कडेवर घेऊन गेली. भूलवाल्या डॉक्टरांनी हात पुढे केले तर ओवी त्यांच्याकडे झेपावली. त्यांच्या गळ्यातली नळी चकाकत होती. "गाडी," ती म्हणाली. दार लागलं.

रेखाने पिशवीतून जुन्या साडीचा तुकडा काढला आणि त्याला टीप घालायला लागली. तिथेच, बाकावर. टाके वेडेवाकडे पडत होते. कौसाबाईंनी तिला बाजूला घेऊन काय सांगितलं असेल, ते मला तेव्हा कळलं. मला शिवता येत नाही. मी पालमपासून परभणीपर्यंतचे थांबे मनातल्या मनात म्हणत राहिलो. परभणीला पोहोचलो की परत पालमपासून. किती फेऱ्या झाल्या माहीत नाही.

अडीच तासांनी शाहीन मॅडमचे सर बाहेर आले. "चार काढले. सहा वाचवले. हृदयाने काही त्रास दिला नाही."

रेखाने सुई टोचलेलं कापड तसंच मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ओवी जागी झाली तेव्हा ओठ सुजलेले, हनुवटीवर रक्ताचा ओघळ. तिने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नीट नेम धरून माझ्या गालावर एक चापट मारली. नर्स हसली. काढलेले दात हवेत का, असं तिने विचारलं. आमच्याकडे दुधाचा दात शेणात घालून घरावर टाकतात. मी हो म्हणणार होतो.

"नको," रेखा म्हणाली. "त्यांनी लय छळलं तिला."

परतीच्या गाडीत

तिसऱ्या दिवशी दुपारच्या रेल्वेने निघालो. ओवी रेखाच्या मांडीवर झोपली होती, तोंड जरा उघडं. मागच्या दाढांवरच्या टोप्या दिसत होत्या. सेलू गेलं. बाहेर कापसाची रानं सरकत होती. मला ते सांगितल्याशिवाय परभणीला उतरता येणार नव्हतं.

"रेखा," मी म्हणालो, "मॅडमनी गोडाचं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. औषधात गूळ मी घालत होतो. रोज सकाळी. वर तोंडात खडाही द्यायचो. तिचे दात मी घालवले."

ती बराच वेळ ओवीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. आता ती काय बोलेल ते ऐकायची माझी तयारी होती. तिने काहीही म्हटलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं.

"मला ठाऊक होतं, मामा," ती म्हणाली. "वाटीच्या तळाला गूळ दिसायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुमी सकाळी घालत होता, मी सांजच्याला. माझा तर मोठा खडा असायचा." ती ओवीच्या ओठावरची लाळ पुसत होती. "दिवसभरात तेवढ्याच टायमाला ती माझ्याकडं बघून हसायची. औषध घेऊन हसायची, मामा."

मी हात पुढे करून ओवीचे पाय माझ्या मांडीवर ओढून घेतले. अर्धी ती रेखाच्या मांडीवर, अर्धी माझ्या, अशी परभणीपर्यंत झोपली.

पुण्याच्या डॉक्टरांनी नवे कागद पाहिले आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. ते ऑपरेशन मोठं आहे. त्याचं काय होईल हे आज कुणी सांगू शकत नाही, आम्हीही विचारत नाही.

सकाळी रेखा अंगणवाडीत गेली की मी गोळी कुटतो, साध्या पाण्यात कालवतो. ओवी पहिला घोट माझ्या सदऱ्यावर थुंकते आणि रागाने बघते. मी सदरा पुसतो, पुन्हा चमचा भरतो. हसत नाही ती. पण दुसऱ्या वेळी गिळते. मग मी ओलं फडकं बोटाला गुंडाळतो, आणि ती तोंड उघडते.